तेरा-चौदा वर्षांच्या मुलांबरोबर स्नो ग्लोब करताना

तुम्ही विचारलंय ते असं: दिवाळीच्या सुट्टीत भाची, तिच्या दोन मैत्रिणी आणि शेजारचे दोघे मुलगे, अशी १३ ते १५ वयाची पाच जणं तुमच्याकडे जमणार आहेत आणि त्यांच्याबरोबर घरच्या घरी स्नो ग्लोब, म्हणजे हलवल्यावर आतल्या देखाव्यावर बर्फ पडताना दिसतो त्या पाणी भरलेल्या काचेच्या बरण्या, करायचेत. मागच्या वर्षी केले तेव्हा चमकी हलवल्याबरोबर तळाशी जाऊन बसली, दहा दिवसांत पाणी गढूळ झालं आणि एका बरणीतली बाहुली सुटून तरंगायला लागली. शिवाय या वयाच्या मुलांना हे सगळं बालिश वाटेल का, ही धास्ती.

मी सोळा वर्षं सुट्टीतले हस्तकलेचे वर्ग घेते आहे, त्यातली अलीकडची बरीचशी फक्त मोठ्या मुलांसाठी. तुमचे तिन्ही बिघाड माझ्याही हातून झालेत. तिन्हींची कारणं वेगळी आहेत आणि तिन्ही टाळता येतात. पण आधी बालिशपणाचं बोलते, कारण ते नाही जमलं तर बाकी सगळं नीट होऊनही दुपार वाया जाते.

या वयाच्या मुलांना बरणी, चमकी, चिमुकली घरं बालिश वाटत नाहीत. शेवटी काय दिसणार हे मोठ्यांनी आधीच ठरवून ठेवलेलं असतं, ते त्यांना नको असतं. ख्रिसमसचं झाड, सांता आणि पांढरी चमकी असा तयार संच टेबलावर मांडलात तर ती अर्ध्या तासात उरकतील आणि फोन हातात घेतील. हीच मुलं तीन-चार वर्षांपूर्वी दिवाळीत किल्ला करत होती. चिखलात कोपरापर्यंत हात घालून बुरूज रचायचे, अळीव पेरून हिरवळ उगवायची, भुयाराला पुठ्ठ्याची नळी लावायची. तेव्हा त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. एवढ्याशा जागेत अख्खं गाव मांडायची ती हौस आटलेली नसते, अंगणात बसून किल्ला करायचा संकोच वाटायला लागलेला असतो. स्नो ग्लोब ती हौस टेबलावर आणतो.

म्हणून पहिल्या दिवशी बरण्या बाहेर काढायच्या आधी मी एकच प्रश्न विचारते: तुमच्या गावात, तुमच्या रस्त्यावर वरून काय पडतं? बर्फ आपल्याकडे पडत नाही, तो सोडून बोला. पहिली दोन मिनिटं सगळे गप्प असतात. मग कुणीतरी पाऊस म्हणतं, कुणाला सोसायटीतलं बुचाचं झाड आठवतं आणि सकाळी त्याखाली पडलेला पांढऱ्या फुलांचा सडा आठवतो. एका मुलीनं जेजुरी म्हटलं होतं. तिनं बरणीत दगडी पायऱ्या आणि दीपमाळ केली आणि पिवळी-सोनेरी चमकी घातली. बरणी उलटी करून सरळ केली की पायऱ्यांवर भंडारा उधळलेला दिसायचा. सांगली जिल्ह्यातून सुट्टीला आलेल्या एका मुलाला साखर कारखान्याची काजळी हवी होती. गळीत हंगामात ती गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडते आणि आई चिडते. त्यानं काळी चमकी घेतली, गच्ची केली, दोरीवर तारेचे आणि एम-सीलचे कपडे टांगले. आजवर माझ्या वर्गात झालेल्या बरण्यांमध्ये मला ती सगळ्यात आवडते.

हा प्रश्न विचारलात की बालिशपणाचा मुद्दा उरत नाही. मुलगे येतील का, हाही प्रश्न त्यातच सुटतो.

हे खेळणं मुळात आलं कुठून, ते मुलांना जरूर सांगा. पॅरिसच्या १८७८ च्या जागतिक प्रदर्शनात पाणी भरलेले असे काचेचे गोल होते. पण आज आपण ज्याला स्नो ग्लोब म्हणतो तो घडला १९०० साली व्हिएन्नात. एर्विन पेर्झी हे शस्त्रक्रियेची उपकरणं बनवणारे कारागीर. तेव्हाच्या विजेच्या दिव्यांचा उजेड मंद होता, तो वाढवता येतो का हे ते पाहत होते. त्या काळी चांभार मेणबत्तीसमोर पाण्यानं भरलेला काचेचा गोल ठेवत, म्हणजे उजेड एका जागी गोळा होऊन शिवण नीट दिसे. पेर्झींनी तीच युक्ती घेतली आणि प्रकाश परतवण्यासाठी त्या पाण्यात वेगवेगळे कण टाकून पाहिले. त्यात एकदा रवा टाकला. आपल्या शिऱ्याचा असतो तोच गव्हाचा रवा. उजेड काही वाढला नाही, पण भिजून सावकाश खाली येणारा रवा पाहून त्यांना हिमवर्षाव आठवला. पुढे त्यांनी ऑस्ट्रियातल्याच मारियात्सेल या तीर्थस्थानाच्या चर्चची छोटी प्रतिकृती त्या पाण्यात बसवली. त्यांच्या कुटुंबाचा हा व्यवसाय व्हिएन्नात अजून चालू आहे.

ही गोष्ट सांगितली की मी मुलांना एका बाटलीत साधं पाणी आणि चिमूटभर रवा घालायला सांगते. रवा खरंच सुंदर पडतो. मग ती बाटली तशीच ठेवून द्यायची. दोन दिवसांत रवा फुगतो, पाणी दुधाळ होतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी झाकण उघडवत नाही. तुमचं मागच्या वर्षीचं पाणी का बिघडलं, त्याचं निम्मं उत्तर त्या बाटलीत आहे: जे कुजतं ते आत नको.

आता चमकी तळाशी का बसली ते. स्नो ग्लोबमध्ये करायचं असतं ते एकच: पडणारी वस्तू हळू पाडायची. ती किती वेगानं पडेल हे तीन गोष्टींवर ठरतं: कण केवढा, तो भोवतीच्या पाण्याहून किती जड आणि पाणी किती दाट. शेवटचे दोन्ही मुद्दे ग्लिसरीननं हातात येतात. ते पाण्याहून सव्वापट जड आणि कितीतरी दाट असतं. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी घेतलं तर मिश्रण पाण्याच्या तिप्पट-साडेतीनपट दाट होतं. निम्मं-निम्मं घेतलं तर साधारण सात-आठपट. तुम्ही बहुधा नुसतं पाणी घेतलं असेल किंवा दोन-चार थेंबच ग्लिसरीन घातलं असेल.

पण हे प्रमाण मुलांना सांगू नका. औषधाच्या तीन सारख्या बाटल्या द्या, एकीत नुसतं पाणी, दुसरीत दोनास एक, तिसरीत निम्मं-निम्मं, तिन्हींत सारखी चिमूट चमकी. फोनवर स्टॉपवॉच लावून त्यांनाच मोजू द्या. माझ्या वर्गात या अर्ध्या तासात जेवढा गलका होतो तेवढा बाकी दोन दिवसांत होत नाही. त्यातून प्रत्येक जण आपलं प्रमाण आपण ठरवतो, आणि ते चित्राला धरून असावं. भंडारा झपाट्यानं उधळला जायला हवा, तिथं तीनास एकही पुरतं. बुचाची फुलं रेंगाळत यायला हवीत, तिथं निम्मं-निम्मं. मला स्वतःला दोनास एक आवडतं. त्याहून दाट केलं की पडणं सुस्त वाटतं, आणि पाच जणांना पुरेल एवढं ग्लिसरीन विकत घेणंही जड जातं. मेडिकलच्या दुकानातल्या ५० मिलिच्या बाटल्या परवडत नाहीत. केकचं सामान मिळतं तिथं किंवा केमिकलच्या दुकानात मोठी बाटली मागा. पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटवर चमकीपासून छोट्या झाडांपर्यंत सगळं एका फेरीत मिळतं.

कणांचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथं प्रयोगाला फार जागा आहे. बाजारातली चमकी बहुतेक पॉलिस्टरची असते, ती ग्लिसरीनच्या मिश्रणातही बुडते. चपटी असल्यामुळे गिरक्या घेत येते, म्हणून बरी दिसते. थर्माकोलचे मणी वरच तरंगतात, ते बाद. खराखुरा पांढरा बर्फ हवा असेल तर अंड्याची टरफलं घ्या. आतला पापुद्रा सोलून काढायचा, टरफलं दहा मिनिटं उकळायची, कडक वाळवायची, खलबत्त्यात कुटायची आणि पिठाच्या चाळणीनं चाळायची. चाळणीखाली पडलेली पूड टाकून द्या, ती पाणी पांढरं करते. वर राहिलेला रव्याएवढा भाग ठेवा. टरफल जड असतं, त्यासाठी मिश्रण निम्मं-निम्मंच हवं. पापुद्रा राहिला तर मात्र तो कुजतो, रव्यासारखाच. जेजुरीच्या बरणीत त्या मुलीला आधी खरी हळद घालायची होती. छोट्या बाटलीत करून पाहा म्हटलं. सगळं पाणी पिवळं झालं आणि काहीच दिसेना, मग तिनं आपणहून चमकी निवडली.

एका वर्षी एका मुलानं पांढरे वापरून फेकायचे चमचे किसणीवर किसून बर्फ केला. नुसत्या पाण्यात तो मस्त खाली आला. मोठ्या बरणीत ग्लिसरीनचं मिश्रण ओतल्यावर सगळा बर्फ वर जाऊन छताला चिकटला. ते प्लास्टिक पॉलिस्टायरीनचं होतं, पाण्याहून जेमतेम पाच टक्के जड. मिश्रण त्याहून जड झालं आणि बर्फ तरंगला. तो पोरगा हिरमुसला नाही. पाणी थोडं थोडं वाढवत त्यानं असं प्रमाण गाठलं, की कण ना वर जात ना खाली येत, बराच वेळ मध्येच तरंगत राहत. त्यानं बरणीत रॉकेट बसवलं आणि ते कण तारे म्हणून ठेवले.

चमकी पाण्यावर गोळा होऊन तवंगासारखी बसत असेल तर अर्ध्या लिटरला भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब पुरे. दोन थेंब घातलेत तर फेस होतो आणि तो जाता जात नाही. उरलेलं चमकीचं पाणी मोरीत ओतू नका, जुन्या रुमालातून गाळा. तो प्लास्टिकचा बारीक चुरा आहे आणि तो शेवटी नदीतच जाईल. या वयाची मुलं हे स्वतःहून विचारतात, तेव्हा उत्तर तयार ठेवा.

आता सुटलेली बाहुली. तयार बरणी झाकण खाली करून उभी राहते, म्हणून बाहुली झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवायची असते. तुम्ही कशानं चिकटवली ते लिहिलं नाहीत, पण चूक तिथंच झाली असणार. साधा पांढरा फेव्हिकॉल पाण्यात मऊ होऊन सुटतो. फेव्हिक्विक क्षणात धरतं, पण सतत पाण्यात राहिलं की काही दिवसांत पकड सोडतं. ग्लू गनचा गोंद गुळगुळीत झाकणावरून सालीसारखा निघतो. टिकतं ते दोन ट्यूबचं अॅराल्डाइट. दोन्ही भाग सारखे घ्या, जुन्या पत्त्यावर नीट कालवा. त्याआधी झाकणाची आतली बाजू आणि बाहुलीचा तळ पॉलिश पेपरनं घासून खरबरीत करा आणि स्पिरिटनं पुसा. मग २४ तास हात लावायचा नाही. मुलांना घाई होते, पण यात तडजोड नाही. अॅराल्डाइट आणि एम-सील हाताळताना हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. कुणाच्या त्वचेला त्याची अॅलर्जी होऊ शकते.

देखावा कशाचा करायचा? शाडूचा नको. शाडू पाण्यात विरघळतो, म्हणून तर गणपतीला आपण तो घेतो. हे माहीत असूनही दरवर्षी कुणीतरी शाडूची टेकडी करतं आणि सकाळी बरणीत नुसता गाळ असतो. किल्ल्यावरचे मातीचे मावळे घालायचा मोह होईल, पण त्यांचा रंग पाण्यात उतरतो. वापरायचेच तर आधी पारदर्शक एनॅमल वॉर्निशचे दोन हात सगळीकडून द्या, तळालासुद्धा. खडक, पायऱ्या, भिंती यांसाठी एम-सीलसारखं दुसरं काही नाही. दोन भाग मळले की अर्धा-पाऊण तास हवा तसा आकार देता येतो आणि एकदा कडक झालं की पाणी त्याला काही करत नाही. रंग ऑइल पेंटचे किंवा एनॅमलचे घ्या आणि पूर्ण वाळू द्या. लोखंडी टाचण्या, साधी तार आत नको, गंज सुटून पाणी तांबूस होतं. तांब्याची किंवा प्लास्टिक चढवलेली तार चालते. पत्र्याच्या झाकणाला आतून ओरखडा असेल तर तोही अॅराल्डाइटच्या पातळ थरानं झाका.

दोन गोष्टी चिकटवण्याआधी पाहून घ्या. एक म्हणजे देखावा थेट झाकणावर बसवला तर झाकणाच्या कडेमागे त्याचा खालचा भाग लपतो. बाटलीचं बूच किंवा एम-सीलचा चौथरा करून तो उंच घ्या. दुसरी म्हणजे पाणी भरलेली गोल बरणी भिंगासारखी वागते आणि आतली वस्तू आडवी फुगवून दाखवते. सडपातळ केलेला माणूस आत गेल्यावर जाडजूड दिसतो. कोरडा देखावा साध्या पाण्यात बुडवून बाहेरून पाहिला की किती बारीक करायचं ते कळतं. हे न पाहता मी एकदा हत्ती केला होता, तो बरणीभर झाला आणि चमकी पडायला जागाच उरली नाही.

बरणी जॅमची किंवा मधाची घ्या, लोणच्याची नको. लोणच्याचं तेल झाकणाच्या रबरात मुरलेलं असतं, कितीही धुतलं तरी त्याचा तवंग येतो आणि चमकी काचेला चिकटून बसते.

पाण्याबद्दल. नळाचं पाणी घेऊ नका, बोअरचं तर नाहीच. त्यातले क्षार काचेवर धुरकट थर धरतात. बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात स्वस्तात मिळतं. ते घेऊन दहा मिनिटं उकळा आणि झाकून गार होऊ द्या. उकळल्यानं जंतू मरतात आणि पाण्यात विरघळलेली हवाही निघून जाते, नाहीतर तीच दुसऱ्या दिवशी काचेवर बारीक बुडबुडे होऊन बसते. बरणी आणि झाकणही उकळत्या पाण्यानं खंगाळा. पाणी खराब होऊ नये म्हणून डेटॉल घालू का, असं पालक विचारतात. घालू नका, डेटॉल पाण्यात पडताच सगळं दुधाळ होतं. ग्लिसरीन पुरेसं असेल, भांडी स्वच्छ असतील आणि आत कुजण्यासारखं काही नसेल तर वेगळं काही लागत नाही. ग्लिसरीन पाण्यात पटकन मिसळत नाही, तळाशी जाऊन बसतं. पाणी कोमट असताना मोठ्या पातेल्यात सावकाश ढवळा. घुसळलंत तर त्यात हवा जाते. मग तासभर तसंच राहू द्या.

भरताना परात खाली ठेवा. बरणी काठोकाठ भरा, देखावा हळूच आत सोडा, जास्तीचं पाणी सांडू द्या. मुलं इथं एक थेंब हवाही राहू नये म्हणून झटतात, कारण बुडबुडा दिसला की त्यांना ते काम कच्चं वाटतं. मी मात्र मुद्दाम द्राक्षाएवढा बुडबुडा ठेवायला लावते. २५ अंशांवरचं पाणी ४५ अंशांपर्यंत तापलं तर सुमारे ०.७ टक्के फुगतं, ग्लिसरीनचं मिश्रण त्याहून थोडं जास्त. ३०० मिलिच्या बरणीत ते दोन-तीन मिलि होतं, म्हणजे अर्धा छोटा चमचा. काच त्याला जागा देत नाही, मग ते झाकणातून वाट काढतं. नागपूरच्या मे महिन्यात एका मुलीच्या वह्या अशाच भिजल्या होत्या. झाकणाच्या आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप, झाकण फिरतं त्याच दिशेनं, तीन-चार वेढे द्या. बाहेरून सिलिकॉनचा पातळ हात फिरवा. आट्यांना अॅराल्डाइट लावू नका, पाणी बदलायची वेळ आली तर बरणी उघडता यायला हवी. मग झाकण खाली करून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. सकाळी कागद कोरडा असेल तर झालं.

एक इशारा मात्र मुलांना नीट समजावून द्या. झालेली बरणी उन्हात किंवा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची नाही. चांभार ज्या गोलानं मेणबत्तीचा उजेड गोळा करत तोच हा गोल आहे. ऊन एका बिंदूवर आलं तर पडद्याला किंवा कागदाला आग लागू शकते. गोल काचेत धोका जास्त, पण जॅमच्या बरणीलाही हाच नियम ठेवा. परदेशातल्या आत्या-मावशीला पाठवायची असेल तर विमानात ती चेक-इनच्या सामानात, कपड्यांत गुंडाळून जाऊ द्या. हातातल्या बॅगेत १०० मिलिपेक्षा जास्त द्रव नेऊ देत नाहीत.

तुमच्या पाच जणांसाठी मी दोन दिवस धरेन आणि मध्ये एक दिवस मोकळा. पहिल्या दिवशी सकाळी प्रश्न, रव्याची बाटली आणि तीन बाटल्यांचा प्रयोग, दुपारी देखावा करणं, संध्याकाळपर्यंत रंग. दुसऱ्या दिवशी रंग वाळलेले असतील तेव्हा पंधरा मिनिटं येऊन देखावा झाकणाला चिकटवायचा, बाकी काही नाही. तिसऱ्या दिवशी पाणी भरायचं. एका दुपारीत सगळं उरकायचा प्रयत्न मी सुरुवातीची तीन वर्षं केला आणि तिन्ही वर्षं निम्म्या बरण्या महिन्यात गेल्या. मुलांच्या हातातून वस्तू काढून घेऊन ती सरळ करायला जाऊ नका, वाकडी दीपमाळ वाकडी राहू दे. उकळतं पाणी ओतायचं काम तेवढं तुमचं.

शेवटचं काम म्हणजे झाकणाच्या बाहेरच्या बाजूला मार्करनं ग्लिसरीनचं प्रमाण आणि तारीख लिहायला लावा. पुढच्या वर्षी मुलं परत येतात तेव्हा कुणाची बरणी स्वच्छ राहिली आणि कुणाची गढूळ झाली, ते यावरून ताडून पाहतात. साखर कारखान्यावाल्या मुलानं त्याची बरणी जाताना मला दिली. तिच्याखाली ‘२:१, मे २०१७’ लिहिलंय. तिचं पाणी आजवर एकदाच बदललंय.